सोळाशे अंशांच्या गावातलं कोमट ग्रिल

जालन्यात लोखंडाचं पाणी होतं, याचं जालनेकरांना काहीच वाटत नाही. एमआयडीसीत भंगाराचे ट्रक रिकामे होतात, इंडक्शन फर्नेसमध्ये सोळाशे अंश सेल्सिअसच्या आसपास त्या भंगाराचा रस होतो, रसाचे बिलेट पडतात, बिलेटच्या सळया होतात आणि त्या सळया महाराष्ट्रभरच्या स्लॅबांमध्ये जाऊन कायमच्या गप्प बसतात. 'जालना सोने का पालना' असं जुनी माणसं म्हणत. हल्ली पाळण्याच्या कड्या टीएमटीच्या आहेत, एवढाच फरक. मे महिन्यात तर फर्नेसच्या आत उभं राहावं की बाहेर, हा फक्त पगाराचा प्रश्न उरतो. उष्णता हा या गावचा घरचा विषय आहे आणि घरच्या विषयावर कुणाकडून शिकून घ्यायची पद्धत नाही.

म्हणूनच दाजींच्या ग्रिलचं प्रकरण जरा तपशिलात सांगावं लागतं.

दाजी म्हणजे प्रस्तुत लेखकाचे थोरले साडू. सगळी हयात एका रोलिंग मिलमध्ये गेली. लालभडक बिलेट समोरून सरकताना नुसत्या रंगावरून "गार आहे, परत भट्टीत घाला" असं सांगणारा हा माणूस. निवृत्तीनंतर ही विद्या चहावर चालते. कपातला रंग पाहून ते चहा न पिताच परत पाठवतात, आणि ताई, म्हणजे त्यांच्या सौभाग्यवती, तोच चहा दोन मिनिटांनी पुन्हा आणून ठेवतात. मग तो बरोबर लागतो.

त्यांचा मुलगा टेक्सासात असतो. दिवाळीला आला तेव्हा वडिलांसाठी त्यानं एक छोटं गॅस ग्रिल आणलं. सुटकेसएवढा आकार, घडीचे पाय, वर झाकण, झाकणावर तापमानाची तबकडी, पुढे एकच नॉब. खोक्यावर 'दहा हजार बीटीयू' असं मोठ्या अक्षरांत लिहिलेलं. हा आकडा ऐकायला अणुभट्टीचा वाटतो. प्रत्यक्षात तासाला दहा हजार बीटीयू म्हणजे जेमतेम २.९ किलोवॅट. त्यासाठी तासाला पाव किलोपेक्षा थोडा कमी गॅस लागतो, म्हणजे पाच किलोच्या टाकीवर वीसेक तास आरामात निघावेत. दाजींनी हा हिशेब पंचांगाच्या मागच्या पानावर करून पाहिला आणि वस्तू कामाची आहे असं जाहीर केलं.

ग्रिल आलं, पण त्याची टाकी येऊ शकली नाही. विमानात गॅसचं नळकांडं नेता येत नाही, हातात नाही आणि सामानातही नाही. अमेरिकेत असल्या लहान ग्रिलला एका पौंडाची, म्हणजे साडेचारशे ग्रॅमची प्रोपेनची बाटली आट्यांवर फिरवून बसवतात. ती तिथं कोपऱ्यावरच्या दुकानात मिळते, संपली की फेकतात. जालन्यात ती कुठून मिळणार? तेव्हा दाजींनी पाच किलोची 'छोटू' टाकी घेतली, तिला बसणारा रेग्युलेटर घेतला, केशरी रंगाची सुरक्षा नळी घेतली आणि राहिला प्रश्न ग्रिलच्या अमेरिकन आट्यांचा. त्याला उत्तर जुन्या जालन्यात होतं. ज्या गावात रोलिंग मिलचे रोल घासले जातात तिथं लेथवर काय होत नाही? एका कारागिरानं नमुना पाहिला, डोळा बारीक केला आणि संध्याकाळपर्यंत पितळेचा असा सांधा करून दिला की एका बाजूला अमेरिकेचे आटे बसावेत आणि दुसऱ्या बाजूला आपली रबरी नळी.

पुढचं सगळं रामायण त्या पितळी तुकड्यावर उभं आहे. पण तो इतका सुबक झाला होता की त्याच्यावर संशय घ्यायला कुणाचं मन धजावलं नाही.

उद्घाटनासाठी मुहूर्त निवडला तो जानेवारीतल्या हुरड्याचा. बदनापूर तालुक्यात दाजींचं वडिलोपार्जित शेत आहे, थोडी मोसंबी आणि बाकी रब्बीची ज्वारी. हुरड्याबद्दल मराठवाड्याच्या माणसाला काही सांगायला नको, आणि बाकीच्यांना सांगून कळत नाही. ज्वारीचा दाणा चिकात असतो, दुधाळ आणि पिठाळ यांच्या मधल्या चार दिवसांत, तेव्हा कणसं खुडायची, आगटीतल्या गोवऱ्यांच्या निखाऱ्यात खुपसायची, तळहातावर चोळायची आणि फुंकून भूस उडवायचं. सोबत शेंगदाण्याची चटणी, तिळाची चटणी, दही, गूळ. परभणीच्या कृषी विद्यापीठानं तर हुरड्यासाठीच म्हणून 'परभणी वसंत' नावाचा वाण काढला आहे. शासकीय पातळीवर आळसाला एवढा मान क्वचितच मिळाला असेल.

तर एका बाजूला जमिनीत खोदलेली आगटी, तिच्यापुढे दाजींच्या आई, म्हणजे सगळ्यांच्या आजी. दुसऱ्या बाजूला घडीच्या पायांवर अमेरिकन ग्रिल, त्याच्यापुढे दाजी, कमरेला ताईंचा ॲप्रन. दह्यात घोळलेलं पनीर, दुसऱ्या डब्यात कोंबडी, आणि पाहुण्यांचा घोळका. नॉब फिरवला, बटण दाबलं, टक् असा आवाज झाला आणि निळी ज्योत उमटली. टाळ्या झाल्या.

दहा मिनिटांनी आगटीतून पहिला हुरडा आला. ग्रिलवरचं पनीर जसं ठेवलं होतं तसंच होतं.

आणखी काही वेळानं पनीरला पाणी सुटलं. कोंबडीनं रंग बदलला, पण तो भाजल्याचा नव्हता, आजारपणाचा होता. झाकणावरच्या तबकडीचा काटा नव्वदच्या आसपास जाऊन बसला आणि तिथंच त्यानं बस्तान मांडलं. दाजींनी रंगावरून "गार आहे" असा निर्णय दिला. तो अचूक होता, पण आता पनीर परत घालायचं कुठे?

इथं थोडं रसायनशास्त्र सांगायला हवं. भाजलेल्या पदार्थाचा तो तपकिरी रंग आणि खमंग वास हा साखर आणि अमिनो आम्लं यांच्या प्रक्रियेचा परिणाम. लुई-कामिय मायार या फ्रेंच शास्त्रज्ञानं १९१२ मध्ये तिचं वर्णन केलं. ही प्रक्रिया १४० अंशांच्या पुढे खरी रंगात येते. पदार्थाच्या अंगावर पाणी आहे तोवर त्याची वरची बाजू शंभराच्या वर जात नाही, कारण येणारी सगळी उष्णता पाण्याची वाफ करण्यात खर्च होते. आच मोठी असेल तर पाणी भर्रकन उडतं आणि भाजणं सुरू होतं. आच लहान असेल तर जेवढं पाणी उडतं तेवढंच आतून झिरपतं, आणि पदार्थ स्वतःच्या रसात शिजत राहतो. दाजी ग्रिलवर पनीरची भाजी करत होते, फक्त पातेलं नव्हतं.

ज्योत पेटली आहे, निळी आहे, मग गरम का होत नाही, हा दाजींचा प्रश्न होता. वरवर रास्त वाटणारा. पण ज्योतीचं तापमान आणि तिनं दिलेली उष्णता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आगकाडीची ज्योतही हजार अंशांच्या वर असते. तिच्यावर बटाटा उकडून कुणी दाखवलेला नाही. एवढं फर्नेसवाल्याला सांगण्याची खरं तर गरज पडू नये.

मराठी माणसाची एखादी वस्तू बिघडली की तो आधी मेकॅनिक बोलावत नाही, माणसं बोलावतो. इथं माणसं आधीच जमलेली होती.

पहिलं मत आलं की टाकीत गॅसच कमी भरला आहे. हे मत प्रत्येक गॅसप्रकरणात पहिल्या पाच मिनिटांत यावंच लागतं. ते निकालात काढायला सोपं असतं. ओल्या फडक्यानं टाकी उभी पुसायची. जिथवर आत द्रव असतो तिथवर ओल रेंगाळते, वरचा भाग लवकर वाळतो. पुसून पाहिलं. टाकी जवळजवळ भरलेली होती. मत मांडणारे गृहस्थ "तरी पण" असं म्हणून हुरड्याकडे गेले.

दुसरं मत जास्त वजनदार होतं, कारण ते एका ढाबेवाल्या पाहुण्यांचं होतं. त्यांचं म्हणणं, "थंडीनं गॅस गोठायलाय. गरम पाण्यात टाकी ठेवा, नाहीतर आडवी करा." थंडीचा मुद्दा अगदीच हवेतला नाही. आपल्या घरगुती गॅसमध्ये प्रोपेन आणि ब्युटेन यांचं मिश्रण असतं आणि त्यात ब्युटेनचा वाटा मोठा. प्रोपेन उणे ४२ अंशांनाही उकळतो, ब्युटेन मात्र उणे अर्ध्या अंशाला, म्हणजे काश्मिरात तो हिवाळ्यात रुसतो. शिवाय गॅस वेगानं ओढला की आतला द्रव उकळताना टाकीचीच उष्णता घेतो आणि टाकी गार पडते, तिच्यावर दव धरतं. ढाब्याच्या भट्टीला हे रोजचं आहे. पण बदनापूरच्या संध्याकाळी दहा अंश धरले तरी निव्वळ ब्युटेनचाही दाब हवेच्या दाबापेक्षा चौरस सेंटिमीटरला चारशे ग्रॅमच्या वर भरतो. रेग्युलेटरला पुढे द्यायचे असतात फक्त तीस ग्रॅम. ज्याच्या खिशात चारशे आहेत तो तीस द्यायला थंडीचं कारण सांगणार नाही. थंडी निर्दोष सुटली.

टाकी आडवी करण्याबद्दल मात्र गंमत बाजूला ठेवून बोलायला हवं. आडव्या टाकीतून वायूऐवजी द्रव बाहेर येतो, आणि द्रवाचा थोडासा भागही बाहेर येऊन शेकडो पट पसरतो. लहान ज्योतीच्या जागी भडका येतो. टाकी उकळत्या पाण्यात ठेवणं किंवा तिच्याखाली जाळ करणं हे त्याहून वाईट. हे करून काही झालं नाही असं सांगणारे भेटतात, कारण ज्यांचं काही झालं ते सांगायला येत नाहीत.

तिसरं मत आजींचं. त्यांनी आगटीपासून न उठता सांगितलं, "पिन मार त्याला." आजींची पिढी वातीच्या आणि पंपाच्या स्टोव्हवर वाढली. पंपाच्या स्टोव्हला रोज पिन लागायची. रॉकेलचा कार्बन त्या बारीक भोकात बसायचा आणि स्टोव्ह फुरफुरायला लागायचा. पत्र्याच्या पट्टीवर बसवलेली ती तार प्रत्येक जत्रेत विकायला असे. आजींची पिन अजून त्यांच्या बटव्यात आहे, हे त्या संध्याकाळी कळलं. ताईंना ती कुठे कुठे वापरली गेली असेल याची कल्पना सुचू लागली आणि त्यांनी विषय थांबवला.

तशी आजींची दिशा बरोबर होती. गॅसच्या शेगडीतही पितळेचा जेट असतो, त्याचं भोक मिलिमीटरपेक्षा लहान, आणि त्यात कचरा गेला की ज्योत बसते. पण पिन मारून ते भोक केसभर जरी मोठं झालं तरी गॅस जास्त आणि हवा कमी, ज्योत पिवळी, पातेली काळी. भांडी काळी व्हायला लागली की लोक गॅसला नावं ठेवतात. पुष्कळदा दोष घरातल्या पिनेचा असतो. दाजींचं ग्रिल कोरं होतं आणि ज्योत स्वच्छ निळी होती. पिन बटव्यात परत गेली.

एका पाहुण्यानं कोळ्याचा मुद्दा काढला. लोक हसले, पण हसायचं कारण नव्हतं. गॅस आणि हवा जिथं मिसळतात त्या बर्नरच्या नळीत कोळ्यांना घर करायला आवडतं. बरेच महिने बंद राहिलेल्या ग्रिलचं हे नेहमीचं दुखणं आहे. मोटारीही त्यातून सुटल्या नाहीत. माझदा कंपनीनं २०११ मध्ये अमेरिकेत हजारो मोटारी परत बोलावल्या, कारण एका जातीचा पिवळा कोळी पेट्रोलच्या टाकीच्या हवेच्या नळीत जाळं विणत होता. आपल्याकडे कोळ्याच्या जोडीला कुंभारीण माशीही आहे. तिला कुठलंही भोक दिसलं की ती आधी चिखल आणते. पण दिवाळीपासून कपाटात खोक्यात असलेल्या ग्रिलमध्ये ती कुठून येणार?

मग टेक्सासला व्हिडिओ कॉल झाला. इथं संध्याकाळचे सहा म्हणजे तिथं सकाळचे साडेसहा. मुलगा पांघरुणातून बोलत होता. त्यानं ताबडतोब सांगितलं, "बाबा, बायपासला गेलंय. सगळं बंद करा, रेग्युलेटर काढा, परत लावा, टाकीचा कॉक हळू उघडा, आणि नॉब नंतर." अमेरिकेत हे दुखणं फार कॉमन आहे. तिथल्या मोठ्या ग्रिलच्या जोडणीत एक अटकाव असतो. गॅस अचानक जोरात वाहायला लागला तर नळी फुटली असं समजून तो गॅस जवळजवळ बंद करतो, नुसती धार सोडतो. घाईच्या माणसानं नॉब आधी उघडा ठेवून टाकी झटक्यात उघडली की अटकावाला तीही गळतीच वाटते. तिथं ग्रिल तापत नसेल तर पहिला इलाज हाच. दाजींनी तो अगदी शिस्तीत केला. पण त्यांची टाकी भारतातली, रेग्युलेटर भारतातला, तो अमेरिकन अटकाव या जोडणीत कुठेच नव्हता. मुलाला तसं सांगितल्यावर तो म्हणाला, "मग झाकण लावा," आणि ऑफिसला उशीर होतोय म्हणून गेला.

झाकणाचा सल्ला फुकटचा होता, तरी खोटा नव्हता. गॅसची निळी ज्योत निखाऱ्यासारखी धगधगून उष्णता फेकत नाही; तिची बरीचशी उष्णता गरम हवेतून जाते, आणि उघड्या रानात गरम हवा थांबत नाही. मोसंबीच्या ओळींमधून वारा येत होता आणि दाजी दर दोन मिनिटांनी झाकण उचलून पनीरची प्रकृती पाहत होते. झाकणाच्या ग्रिलची गोष्ट जालन्याला जवळची वाटावी अशी आहे. जॉर्ज स्टीफन नावाचा माणूस शिकागोजवळच्या वेबर ब्रदर्स मेटल वर्क्समध्ये कामाला होता. तिथं पाण्यात तरंगणारे लोखंडी बोये बनत. वाऱ्यानं आणि राखेनं वैतागून त्यानं १९५२ मध्ये बोयाचा गोल मधोमध कापला. खालचा अर्धा झाला भांडं, वरचा झाला झाकण. जगभर विकली जाणारी गोल कोळशाची ग्रिल त्यातून आली. म्हणजे हा शोधही पत्र्याच्या कारखान्यातलाच. दाजींना ही माहिती दिली तेव्हा त्यांनी विचारलं, "त्याचं तापत होतं ना?"

झाकण लावून वाऱ्याच्या बाजूला जीप आडवी उभी केली. काटा एकशेदहावर आला. प्रगती होती, पण पनीरला तिची खबर नव्हती.

आता मेल्टिंग शॉपमधले दाजींचे जुने सहकारी पुढे आले. त्यांनी जाळीवर चार बोटं उंचीवर तळहात धरला. चांगली तापलेली जाळी असेल तर दोनतीन सेकंदांत हात मागे घ्यावा लागतो. ही जुनी आणि भरवशाची चाचणी आहे. त्यांनी हात धरला, गप्पा सुरू केल्या, मुलाच्या लग्नाचं विचारलं, आणि मग आठवण झाल्यावर हात काढला. "काहून त्रास देता त्याला," ते म्हणाले, "हे ताप आलेल्या माणसाला शेकायला बरं आहे."

उत्तर शेवटी सापडलं ते दाजींच्या पुतणीला. ती मेकॅनिकल डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे, आणि या सगळ्या वेळात ती एकटीच ग्रिलबरोबर आलेला कागद वाचत बसली होती. हा शेवटचा उपाय समजला जातो. कागदावर बर्नरला लागणारा दाब लिहिला होता: अकरा इंच पाणी. गॅसचा दाब पाण्याच्या इंचात मोजणं ही जुनी रीत आहे. नळीतलं पाणी गॅसनं किती वर ढकललं ते पाहायचं, बस्स. विहिरीजवळच्या खोलीचं बांधकाम चालू होतं, तिथं गवंड्याची लेव्हलची पारदर्शक नळी पडलेली. पुतणीनं तिचा यू आकार केला, पाणी भरलं, दिसावं म्हणून चिमूटभर हळद घातली आणि ग्रिलच्या रेग्युलेटरच्या पुढच्या तोंडाला एक टोक लावलं.

पाणी चढलं. मोजलं तर जवळजवळ अकरा इंच.

"झालं, गॅस बरोबर आहे," असा निकाल चारपाच जणांनी एकाच वेळी दिला. पुतणी म्हणाली, "काका, हे बंद असताना झालं. चालू असताना बघू." मोसंबीला ठिबक असल्यानं शेडमध्ये टी, जोडण्या, टोपणं यांचा खच होता. त्यातला एक टी तिनं रेग्युलेटर आणि बर्नर यांच्या मध्ये बसवला आणि नॉब उघडला. हळदीचं पाणी हळूहळू खाली आलं आणि दोन इंचांवर थांबलं. अकरा हवे, दोन मिळतात! (रानात, उघड्यावर आणि तेवढ्यापुरतं झालं म्हणून हे सांगितलं; स्वयंपाकघरात ठिबकचा टी लावायला कुणी जाऊ नये.)

मग तिनं तो सुबक पितळी सांधा हातात घेतला आणि सगळं उलगडलं. ग्रिलचा स्वतःचा रेग्युलेटर हा थेट बाटलीवर बसायला बनवलेला. प्रोपेनच्या बाटलीत साध्या हवेतही चौरस सेंटिमीटरला सात किलोच्या आसपास दाब असतो, म्हणून त्याचं आत घेण्याचं भोक अगदी बारीक ठेवलेलं. दाजींनी त्याच्या आधी आपला घरगुती रेग्युलेटर लावला, जो सातातलं सगळं काढून तीस ग्रॅम पुढे देतो. म्हणजे एका टेबलावर कापून आलेली रक्कम दुसऱ्या टेबलावर पुन्हा मूळ रक्कम समजून कापली जात होती. नॉब बंद असताना दाब सावकाश भरून यायचा आणि सगळं ठीक दिसायचं. ज्योत पेटली की त्या बारीक भोकातून पुरेसा गॅस यायचाच नाही. ग्रिलमध्ये बिघाड नव्हता. टाकीत नव्हता, थंडीत नव्हता, कोळ्यात नव्हता. दोन चांगले रेग्युलेटर एकामागे एक लागले होते, एवढंच.

यावर लगेच एकानं सुचवलं की मग आपला रेग्युलेटर काढून टाकीचा गॅस नळीनं थेट ग्रिलला द्या. तत्त्वतः ग्रिलचा रेग्युलेटर त्याच कामासाठी आहे, हे खरं. पण केशरी नळी तीस ग्रॅमच्या दाबासाठी असते, कित्येक किलोच्या नाही, आणि हाताच्या मापाचा पितळी सांधा हा काही प्रमाणित भाग नव्हे. दाजींनी या माणसाकडे ज्या नजरेनं पाहिलं ती त्यांनी मिलमध्ये हेल्मेट काढणाऱ्यांसाठी राखून ठेवलेली आहे.

दुरुस्ती पुढे जालन्यात शेगडीच्या जाणत्या मेकॅनिकनं केली. ग्रिलचा रेग्युलेटर काढून टाकला, आपल्या रेग्युलेटरची नळी सरळ बर्नरच्या नॉबला दिली, साबणाच्या फेसानं सांधे तपासले. आपले तीस ग्रॅम म्हणजे पाण्याच्या बारा इंचांपेक्षा जरा कमी; ग्रिलला हवे अकरा. दोन देशांच्या अभियंत्यांनी एकमेकांना न विचारता जवळपास एकच आकडा ठरवला होता. गॅसमध्ये ब्युटेन जास्त असल्यानं ज्योतीचं टोक थोडं पिवळं आलं, तेव्हा हवेची फट जरा मोठी केली. झाकण लावून पंधरा मिनिटं तापू दिलं आणि काटा दोनशेतीसवर गेला. गच्चीवर पनीर नीट भाजलं, त्याला काळ्या रेघाही उमटल्या. दाजींनी रंगावरून ते पास केलं.

आजींनी त्याच जाळीवर एक वांगं भाजून घेतलं. सालं छान सुटली, भरीत झालं, पण खाताना त्या म्हणाल्या, "इस्तवाचा वास नाही." त्यांचं बरोबर आहे. गॅसला स्वतःचा असा वासच नसतो. गळती कळावी म्हणून त्यात घातलेला तो उग्र वास जळताना नाहीसा होतो. गोवरीचा धूर हा हुरड्याचा अर्धा मसाला आहे, तो ग्रिलवर आणता येणार नाही. उलट गच्चीवर आगटी खोदता येत नाही. प्रस्तुत लेखकाचं मत विचाराल तर पनीर गच्चीवर आणि हुरडा रानातच, दोन्हींची सरमिसळ करण्यात फायदा पाहुण्यांचा नसतो, फक्त विषयांचा असतो.

या निमित्तानं वाचकांना एक विनंती. परदेशातून आलेलं गॅसचं कुठलंही यंत्र पेटवण्याआधी त्याच्या पाटीवर लिहिलेला दाब वाचा. युरोपातल्या काही देशांत तो पन्नास मिलिबार असतो, आपल्याकडे तीसच्या जवळ. म्हणजे तिथलं यंत्र इथं आपल्या रेग्युलेटरवर मंदच चालणार, आणि त्यात त्याचा दोष नाही. नळी दीड मीटरपेक्षा लांब नको, मध्ये जोड नको, आणि तिच्यावर छापलेलं साल पाहा. सुरक्षा नळी पाच वर्षांत बदलायची असते. दाजींच्या घरच्या नळीवरचं साल दिसत नव्हतं. ती त्याच दिवशी बदलली. गॅस गळतीसाठी १९०६ हा क्रमांक देशभर चोवीस तास चालू असतो. पनीर भाजत नाही म्हणून तिथं फोन करू नये.